नवी म्हणून लिहू नका

दस्तगीर मास्तर रांगेत उभे राहिले की रांग सरळ व्हायची. ते कुणाला काही सांगायचे नाहीत, डोळेही वटारायचे नाहीत. नुसते मागे येऊन उभे राहायचे, आणि पुढची सात-आठ माणसं कशी कोण जाणे, चौथीतल्या पोरांसारखी एकामागे एक लागायची. उंची बेताचीच, अंगात धुऊन धुऊन पिवळट पडलेली शेरवानी, डोक्यावर काळी टोपी आणि उजव्या हाताच्या बोटांना कायम खडूची पूड. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. उलट राग आला की आवाज खाली जायचा. इतका खाली, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला भांडता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी तेव्हा कळंबच्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. मी बार्शीचा. बार्शी काही लांब नाही, पण आमच्याकडे ह्या भागाला 'मोगलाई' म्हणायची जुनी खोड. मोगलाईत म्हणजे सगळा सावळागोंधळ, आता आपण जाऊन तिथे शिस्त लावायची, अशा थाटात मी नोकरीला आलो होतो. वय बावीस, अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल त्या मानानं बेताची. पुढे जे झालं त्यात माझ्या अक्षराचा आणि अकलेचा, दोन्हींचा हात आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हुकूम दाखवा, मान लववतो." तोंडी सांगितलेलं ते मानायचे नाहीत. आमच्या चपराशानं म्हणावं, "ह्या खिडकीवर न्हाय, पल्याडच्या खिडकीवर जा," की मास्तर भिंतीकडे पाहत विचारायचे, "कुठं लिवलंय?" भिंतीवर लिहिलेलं असलं तर निमूट जायचे. नसलं तर तिथेच उभे. निजामाच्या अमलात ते शाळामास्तर झाले, मग तो अंमल गेला, हैदराबाद राज्य आलं, तेही मोडलं आणि मुंबई राज्य आलं. दहा वर्षांच्या आत तीन सरकारं पाहिलेला माणूस. तिन्ही सरकारांना त्यांनी हेच विचारलं, आणि तिन्ही सरकारांना ते सारखेच नकोसे झाले.

त्यांच्या मराठीच्या परीक्षेची गोष्ट मला त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या एका मास्तरानं सांगितली. राज्य बदलल्यावर उर्दू शाळेतल्या मास्तरांना मराठीची परीक्षा लागली. दस्तगीर मास्तर तेव्हा पन्नाशीला टेकलेले. जन्मभर येरमाळ्यात राहिलेला माणूस, बाजारात, मळ्यात, येडाईच्या जत्रेत मराठीच बोलणारा. पण परीक्षा ती परीक्षा. पोरासोरांच्या बरोबर बाकावर बसून त्यांनी पेपर लिहिला आणि पास झाले. मात्र निबंधात 'तारीख', 'अर्ज', 'सही', 'हजर' असे शब्द घातले म्हणून परीक्षकांनी तीन गुण कापले. शेरा मारला की भाषा शुद्ध नाही. दुसरा कुणी असता तर पास झालो ह्या आनंदात पेढे वाटून मोकळा झाला असता. मास्तरांनी परीक्षेचा छापील कागद काढला. त्यावर सरकारनेच छापलं होतं: अर्जदाराचे नाव, तारीख, सही, वेळेवर हजर राहावे. मास्तरांनी त्या चार शब्दांखाली रेघा ओढल्या आणि वर लिहून पाठवलं, की हे शब्द सरकारच्या तोंडी शुद्ध आणि माझ्या तोंडी अशुद्ध कसे, एवढाच खुलासा व्हावा. आठ महिन्यांनी तीन गुण परत आले. कुणीतरी विचारलं, "मास्तर, पास तर आधीच झाला व्हता, ह्या तीन मार्कांचं करता काय?"

मास्तर म्हणाले, "काय करायचं न्हाय. पर माझे हायत."

असा हा माणूस बदली होऊन येरमाळ्याहून कळंबला आला, मी नोकरीला लागलो त्याच वर्षीच्या जून महिन्यात. घरात दोघंच, ते आणि त्यांच्या बायको सकीनाबी. एक मुलगी लातूरकडे दिलेली. सकीनाबींना क्षय होता. येरमाळ्याच्या छोट्या दवाखान्यात पाच महिन्यांपासून त्यांना आठवड्याला दोन सुया आणि रोजच्या गोळ्या चालू होत्या. ही औषधं तेव्हा नवी आणि मोजकी. जिल्ह्याहून रोग्याच्या नावानिशी यायची. नाव नसेल तर सुई नाही. त्यामुळे बिऱ्हाड हललं की दवाखान्यातलं नावही हलवावं लागायचं. लोक भांडी हलवायचे, गुरं हलवायचे, आणि नावाचं ध्यानात यायचं ते औषध संपल्यावर.

कळंबला येतानाच मोटारीत त्यांची एक चकमक झाली. ती मला त्या एसटीच्या कंडक्टरनंच सांगितली. सकीनाबी तोंडावर पदर दाबून खिडकीशी बसल्या होत्या आणि खोकत होत्या. एका पागोटेवाल्यानं ओरड केली की ह्या बाईला उतरवा, रोग पसरंल. आणखी दोघंतिघं त्याला मिळाले. कंडक्टर बिचारा मास्तरांकडे आला. मास्तरांनी विचारलं, "हुकूम हाय?" आणि मोटारीतल्या पाटीकडे बोट करून ती शाळेत वाचतात तशी मोठ्यानं वाचली. धूम्रपान करू नये. थुंकू नये. मग म्हणाले, "खोकू नये कुठं लिवलंय? लिवलं असंल तर आमी उतरतो. न्हाय तर ज्याच्या तोंडात बिडी हाय आन् जो खिडकीतून थुंकला, त्येला आधी उतरवा." बिडी त्या पागोटेवाल्याच्याच तोंडात होती. कंडक्टर म्हणाला, "साहेब, नोकरीत मी ती पाटी त्या दिवशी पयल्यांदा वाचली."

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या खिडकीवर आले. आल्या आल्या रांग सरळ झाली, म्हणून मी मान वर केली.

"नाव हलवायचं हाय," ते म्हणाले. "येरमाळ्याचं कळंबला. आमच्या घरवालीचं. सकीनाबी."

मी रजिस्टर उघडलं. हे रजिस्टर म्हणजे माझा अभिमानाचा विषय होता. येरमाळ्याचा दवाखाना आमच्या हाताखाली. तिथलं जुनं रजिस्टर उर्दूत होतं, आणि जुने कंपाउंडर सवयीनं ते उर्दूतच चालवत राहिले होते. दोन महिन्यांपूर्वी सगळं मराठीत उतरवा असा हुकूम आला. मला उर्दू येत नव्हतं. आमचे जुने चपराशी कासीमचाचा ते वाचायचे आणि मी उतरवून घ्यायचो. चार दिवस आम्ही तेच करत होतो. कासीमचाचा मग पेन्शनीत निघाले आणि मुलाकडे हैदराबादला गेले. जुनं रजिस्टर कपाटात पडलं आणि माझं नवं कोरं रजिस्टर टेबलावर आलं. डॉक्टरांनी अक्षराचं कौतुक केलं होतं. डॉक्टर नागपूरकडचे, तरुण, माझ्याइतकेच ह्या भागाला नवखे.

मी येरमाळ्याची पानं दोनदा चाळली. सकीनाबी हे नाव कुठेच नव्हतं.

"ह्यात नाही," मी म्हटलं.

"पुना बघा."

"दोनदा पाहिलं, मास्तर. असं करू, नवी म्हणून लिहून घेतो."

मास्तरांचा आवाज खाली गेला. मला वाकावं लागलं.

"नवी म्हणून लिवू नका," ते म्हणाले. "ती नवी न्हाय. पाच महिने झाले. हप्त्याला दोन सुया, एक बी चुकली न्हाय. नव्यात लिवली तर ते पाच महिने कुणाच्या नावावर घालता?"

नव्यात लिहिणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पुन्हा उस्मानाबादला जाऊन छातीचा फोटो काढायचा, मंजुरीची वाट पाहायची, जिल्ह्याहून औषध येईपर्यंत दोन महिने, कधी तीन. आणि ह्या रोगात औषध मध्येच तुटणं म्हणजे मुळीच न घेतल्याहून वाईट. रोग कोडगा होतो, मग त्याच औषधाला दाद देत नाही, असं आमचे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत असत. सकीनाबींची पुढची सुई तीन दिवसांवर होती. महिन्याच्या औषधांची मागणी त्याच दिवशी चारच्या टपालानं जिल्ह्याला जायची होती. हे सगळं माहीत असून मी म्हटलं, "नाव नाही त्याला मी काय करू?"

"मला बघू द्या."

मी नाखुशीनं रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी खडूचं बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. माझ्या पानावर पांढरा पट्टा उमटत गेला आणि माझा जीव वर-खाली झाला. बोट एका ओळीवर थांबलं. तिथे मी सुरेख अक्षरात लिहिलं होतं: नाव, बी. राहणार येरमाळा. रोग, क्षय.

"ही कोण?"

"असेल कुणीतरी. बायकांची नावं कुणी धड सांगतं का?"

"सुयांच्या तारखा हिच्याच हायत. हीच ती."

"पण नाव कुठं आहे?"

"तेच मी तुमाला इचारतो," मास्तर म्हणाले. "नाव कुठं गेलं?"

मग जुनं रजिस्टर बाहेर निघालं. धूळ झटकली. मास्तरांनी पान काढलं आणि वाचलं, "सकीना बी, साकिन येरमाळा."

त्या क्षणी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. उर्दू कागदांत 'राहणार' ह्या अर्थी 'साकिन' लिहायची रीत. कासीमचाचा दर ओळीला तो शब्द म्हणायचे. अमुक, साकिन येरमाळा. तमुक, साकिन येरमाळा. चार दिवस साकिन साकिन ऐकून माझा कान बधिर झाला होता. चाचांच्या तोंडात दात चारच. त्यांनी वाचलं असणार, "सकीना बी, साकिन येरमाळा," आणि मी ऐकलं, "साकिन... बी, साकिन येरमाळा." मला वाटलं म्हातारा चुकून एकच शब्द दोनदा बोलला. मी पहिला शब्द गाळला आणि उरलं ते नावाच्या रकान्यात लिहिलं. बी. एका जितीजागत्या बाईचं नाव मी दुरुस्ती समजून खोडलं होतं, आणि वर अक्षराचं कौतुक करून घेतलं होतं. येरमाळ्याचे कंपाउंडर त्यांना तोंडानं ओळखत, म्हणून दोन महिने 'बी'च्या नावावर आलेलं औषध त्यांना मिळत राहिलं होतं.

तिथल्या तिथे चूक कबूल करायची होती. पण बावीस वर्षांच्या कारकुनाला चूक कबूल करणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "तुमच्याच बायकोचं नाव आणि तुम्हीच वाचणार, हे कसं चालेल?"

"दुरुस्त," मास्तर म्हणाले. "वाजवी बोललात. दुसरा वाचणारा आणतो."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मी पुढे म्हणालो, "आणि तो तुमच्यातला नको."

हे वाक्य मी उच्चारलं. त्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटावी अशीच ती गोष्ट आहे. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, हुकूम दाखवा. हुकूम कुठून असणार? माझ्या तोंडून निघालेली ती घाण होती. पण त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजत आले होते. ते पायऱ्या उतरून गेले. हुकूम न विचारता मास्तरांनी कुणाचं ऐकलं असेल तर ते माझं, आणि तेही ह्या गोष्टीत.

कळंबमध्ये उर्दू वाचणाऱ्या हिंदूंना तोटा नव्हता. निजामाच्या शाळेत सगळेच उर्दूत शिकलेले. पण वकील मंडळी त्या दिवशी उस्मानाबादला कोर्टात, कचेरीतले जुने कारकून, पेशकार, लग्नाला गेलेले. पाऊण तासानं मास्तर परत आले ते महालिंगअप्पांना घेऊन. आप्पा म्हणजे आडत बाजारातले धान्याचे व्यापारी, वजनदार माणूस. मला एवढंच ठाऊक होतं. मास्तर आदल्याच दिवशी त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायला आले होते, हे मला ठाऊक नव्हतं. भाडेकरीण आजारी आहे हे आप्पांना ठाऊक नव्हतं.

आप्पांनी चष्मा पुसला, रजिस्टर डोळ्यांपासून लांब धरलं आणि शाळेत पाठ म्हणावा तसं डोलत वाचायला लागले. त्यांनाही मजा वाटत होती. किती वर्षांनी उर्दू वाचत होते. "सकीना बी. साकिन येरमाळा. उम्र पैंतालीस. मर्ज..."

आणि थांबले.

मास्तर सरळ समोर बघत उभे होते. त्यांचे दोन्ही हात शेरवानीच्या खिशात होते.

"म्होरं वाचा, आप्पा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, ह्ये..."

"लिवलंय ते वाचा."

आप्पांनी वाचलं, "मर्ज, दिक." मर्ज म्हणजे रोग आणि दिक म्हणजे क्षय, हे त्या वेळी कळंबात शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग सुयांच्या तारखा वाचल्या, एकही न गाळता. शेवटी मी सांगितलं तिथे साक्षीदार म्हणून सही केली. ह्या माणसाला मी पुढे खूप नावं ठेवली, पण एवढं मान्य करावं लागेल: वाचताना अडखळून, डोळ्यांना दिसत नाही म्हणून, त्यांना काखा वर करता आल्या असत्या. त्यांनी जसं लिहिलं होतं तसं वाचलं. त्यांचा धाकटा भाऊ ह्याच रोगानं गेला होता, हे मला नंतर कळलं.

पायरीवर उभं राहून आप्पा पायताण घालायला लागले. मास्तरांकडे न बघता म्हणाले, "मास्तर, खोलीचं..."

"कवा रिकामी करू?"

"घरात लेकरंबाळं हायत. राग मानू नका. येत्या आवसंपतुर बघा."

"बघतो."

आप्पा गेले. मास्तर माझ्या खिडकीशी आले. "कारकूनसाब," ते म्हणाले, "आज पत्ता पेन्सिलीनं लिवा. नाव मातर शाईनं."

मी नाव शाईनं लिहिलं. पानाकडे बघवत नव्हतं, त्यामुळे त्या रजिस्टरात वाकडं असं तेवढं एकच नाव आहे. चारच्या टपालात सकीनाबींची मागणी गेली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सुई मिळाली.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात मास्तरांनी तीन बिऱ्हाडं बदलली. दर वेळी हंडा हलवायच्या आधी पत्ता हलवायला ते माझ्याकडे यायचे. आप्पांच्या खोलीनंतर त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती: घरमालकानं विचारो न विचारो, दारातच सांगायचं. "घरात दिकचा बीमार हाय, दवा चालू हाय, नाव सरकारी दवाखान्यात हाय. द्यायची असंल तर खोली द्या." दहा जणांनी दारं लावली. अकरावा द्यायचा आणि दोन महिन्यांनी शेजाऱ्यांच्या तोंडाला भिऊन परत मागायचा. मास्तर वाद घालायचे नाहीत. कारण खोली ज्याची त्याची, तिथे सरकारी हुकमाचा प्रश्न नव्हता. त्यांचा झगडा फक्त कागदाशी होता, आणि तो त्यांनी एक दिवसही सोडला नाही.

मी त्यांना एक सोपी युक्ती सांगितली. आमचा माणूस घरी येऊन चौकशी करतो, त्यामुळे घरमालकांना कळतं. तेव्हा शाळेचा पत्ता द्या, मी चालवून घेईन. एव्हाना मला त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटत होतं.

"ती शाळंत राहती का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग जिथं राहती तिथंच लिवा. तिनं चोरी न्हाय केली, बीमार पडली."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकदा मीच घरतपासणीला गेलो. तेव्हा त्यांचं बिऱ्हाड मांजरा नदीच्या अंगाला, एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या पडवीत होतं. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला तट्ट्या. सारवलेलं लख्ख अंगण. भिंतीवर मास्तरांनी गेरूनं मराठीत लिहिलं होतं: सकीनाबी दस्तगीर, राहणार येथे. आमच्या माणसाला घर सापडावं म्हणून. रस्त्यानं जाणाऱ्या बाया ते वाचता येत नसतानाही पाहून लगबगीनं पुढे जायच्या, कारण त्यात काय लिहिलंय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सकीनाबींना मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. आतापर्यंत तोंडावरचा पदरच दिसला होता. हाडापेरानं बारीक, डोळे मात्र हसरे. मास्तर शाळेत गेले होते. मी नाव विचारलं, रीत म्हणून.

"तुमीच का ते कारकून?" त्या म्हणाल्या. "मला निस्ती बी करून ठिवली व्हती?"

मी मान खाली घातली.

"जाऊ द्या की. बी हाय म्हणलं तर उगवतीच कवा ना कवा." आणि पदराआड हसल्या. हसताना खोकल्या नाहीत, हे मी कागदावर लिहून घेतलं.

मग त्यांनीच मला सांगितलं, की आप्पांची खोली घेताना रोगाचं बोलायचं नाही अशी शपथ त्यांनी मास्तरांना घातली होती. "जन्मात येकदा माझं आयकलं त्येंनी. आन् दोन दिसांत त्याच आप्पाला रजिस्टर वाचाया नेलं. घरी यून मला म्हणले, 'खोली गेली, नाव आलं.' म्या दोन दिस बोलले न्हाय त्येंच्याशी." मग म्हणाल्या, "खोल्या काय, सतरा मिळतेत."

पण एक गोष्ट त्यांच्यानं होत नव्हती. मास्तर कुठलंही बिऱ्हाड असो, आडत बाजारातून, आप्पांच्या दुकानासमोरून, टोपी सरळ करून शाळेत जायचे. सकीनाबी मात्र सुईसाठी दवाखान्यात यायच्या त्या मागच्या बोळानं. बोळात चिखल, उकिरडे, डुकरं. मास्तर त्यांना काही म्हणायचे नाहीत. त्या दिवशी ते बायकोच्या बरोबर बोळानंच यायचे, शेरवानी सावरत.

पहिल्या सुईपासून अठरा महिने भरले. उस्मानाबादहून छातीचा फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, बाई बऱ्या झाल्या, औषध बंद. मास्तरांनी विचारलं, "लिवून देता?" डॉक्टर हसले आणि लिहून दिलं. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

मग दोघं माझ्या खिडकीवर आले. बऱ्या झालेल्या रोग्याचं नाव तांबड्या शाईनं खोडायची पद्धत होती. ज्या नावासाठी हा माणूस माझ्याशी भांडला, ते खोडायला मला धीर होईना. मी दौत उघडून बसून राहिलो.

"माझं कंचं?" सकीनाबींनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मास्तरांनी दाखवलं. त्यांनी त्या वाकड्या अक्षरांवर बोट ठेवलं, मग बोट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "वढा आता रेघ. लांब वढा."

मी पट्टी लावून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, रेघ ओढली.

ते गेल्यावर मी चहाला म्हणून बाहेर पडलो. पाहतो तर दोघं पुढे चालले होते, आणि बोळाच्या तोंडाशी मास्तर सवयीनं डावीकडे वळले. सकीनाबी वळल्या नाहीत. त्या सरळ आडत बाजारात शिरल्या. मास्तर क्षणभर तिथेच उभे राहिले, मग भराभर चालत त्यांच्या मागे गेले. मीही गेलो, थोडं अंतर ठेवून.

आप्पा गादीवर बसले होते. दुकानात चार-पाच शेतकरी, दोन हमाल. सकीनाबी पायरीखाली थांबल्या. तोंडावरचा पदर त्यांनी खाली घेतला आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आप्पा, पानी द्या."

आप्पांनी त्यांना ओळखलं. ते उठले, माठाकडे गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. वरून धार धरायला त्यांनी तांब्या उंच केला, जशी रीत होती. सकीनाबींनी ओंजळ केली नाही. त्यांनी हात पुढे केला, तांब्यासाठी.

मी मास्तरांकडे पाहिलं. जन्मभर प्रत्येकाला जाब विचारणारा तो माणूस बायकोच्या मागे दोन पावलांवर गप्प उभा होता. खडूचे हात एकमेकांत घट्ट धरले होते.

मग आप्पा दोन पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी तांब्या सकीनाबींच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन संपेपर्यंत खाली घेतला नाही. भर बाजारात, उघड्या तोंडानं. मग तांब्या पायरीवर ठेवला, पदराच्या शेवानं ओठ पुसले आणि चालायला लागल्या. मास्तर त्यांच्या मागून गेले.

आप्पांनी त्या तांब्याचं पुढे काय केलं, मला ठाऊक नाही. मी बघायला थांबलो नाही.